पेढीची पत आणि पडद्यावरची पेठ

सांगलीच्या गणपती पेठेत हळद आणि बेदाणा यांचा पिढीजात व्यापार करणारे एक गृहस्थ, आणि साताऱ्यात कांदा-लसूण मसाला, मेतकूट व कोरेगावकडचा वाघ्या घेवडा विकून अलीकडे स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली त्यांची भाची, यांच्यामध्ये बेदाण्याच्या हंगामात पेढीच्या माडीवर जो संवाद झाला तो मी तेथे हजर राहून ऐकला. छोट्या व्यापाऱ्याने आपल्या धंद्याची ओळख इंटरनेटवर, म्हणजे ब्लॉग लिहून, फेसबुक-इन्स्टाग्रामवर वावरून, व्हॉट्सॲपवरून बोलून करून द्यावी की नाही, हा प्रश्न आज प्रत्येक पेठेत चर्चिला जातो. परंतु त्या दोघांनी त्याचा जितक्या नेटाने आणि आस्थेने विचार केला तितका मी अन्यत्र ऐकलेला नसल्यामुळे, दोघांच्याही अनुमतीने तो येथे उतरवीत आहे. प्रसिद्धी नको अशी दोघांचीही अट असल्याने त्यांना मी केवळ नात्याने संबोधले आहे.

मामा : "अगं, माझ्या वडिलांच्या काळात या पेढीवर धड पाटीसुद्धा नव्हती. गिऱ्हाईक आमचे नाव विचारीत यायचे, आणि ज्याच्या घरी आमची हळद एकदा गेली त्याने शेजाऱ्याला सांगितले, शेजाऱ्याने व्याह्याला सांगितले, व्याह्याने लग्नाचा बस्ता बांधायला आल्यावर वर्षाची हळद इथूनच नेली, अशा रीतीने जो लौकिक झाला तो झाला. या तोंडी शिफारशीत एक गुण असा होता, की शिफारस करणारा आपली स्वतःची अब्रू त्या शब्दाबरोबर जामीन ठेवीत असे. माल वाईट निघाला तर चार माणसांसमोर त्यालाच ऐकून घ्यावे लागे. तुझ्या त्या पडद्यावर 'उत्तम', 'अप्रतिम' म्हणून अंगठे उठवणारे जे शेकडो लोक असतात, त्यांतला कोण काय जामीन ठेवतो हे मला सांग. मग मी उद्यापासून हळकुंडांची छायाचित्रे काढायला बसतो."

भाची : "मामा, तुमची ती साखळी खरी होती आणि बळकटही होती. पण तिच्यातली माणसे आता कुठे गेली ते पाहा. त्या व्याह्याचा मुलगा चिंचवडच्या कारखान्यात लागला, नातू बंगळूरला आहे, नात परदेशी. आणि त्यांच्या घरातली हळद संपते तेव्हा त्यांच्या शेजाऱ्याला सांगली कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नसते. मग ती मुलगी हातातल्या मोबाईलवर 'सांगलीची हळद' एवढे दोनच शब्द लिहिते. त्यांच्या उत्तरादाखल जी नामावळी समोर येते तिच्यात तुमच्या पेढीचे नाव नसते, आणि ज्याने गणपती पेठ उभ्या जन्मात पाहिली नाही अशा परप्रांतीच्या विक्रेत्याचे असते, कारण त्याने चार ओळी लिहून ठेवल्या आहेत आणि तुम्ही एकही लिहिलेली नाही. माल खोटा म्हणून गिऱ्हाईक गेले असते तर गोष्ट वेगळी. इथे तुम्ही आहात हेच त्याला कळलेले नाही."

मामा : "सांगलीच्या हळदीला ओळख करून द्यायची? कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून आपले लोक हळद साठवीत आले. पेवाचे तोंड माती लिंपून बंद केले की आत वारा नाही, कीड नाही, आणि वर्षे लोटली तरी रंग उतरत नाही. माल जमिनीखाली, सौदा वर पेठेत, आणि दोहोंच्या मध्ये केवळ माणसाचा शब्द, असा व्यवहार जिथे चालला त्या गावाला आता मोबाईलकडून दाखला घ्यायचा?"

भाची : "ती पेवे २००५ च्या महापुरात पाण्याखाली गेली, मामा, आणि त्यांतली बरीचशी पुन्हा वापरात आली नाहीत. आत्ता तुम्ही मला जे तीन-चार वाक्यांत सांगितले ते तुमच्या पेढीच्या नावाखाली, एखाद्या जुन्या पेवाच्या छायाचित्रासह लिहिलेले असते, तर त्या बंगळूरच्या मुलीने ते वाचले असते आणि हळद मागवतानाच आपण काय मागवतो आहोत हेही तिला समजले असते. आणि गावाच्या नावाचे म्हणाल तर २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण ते मानांकन तुमच्या पेढीला आपोआप लागू होत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ज्याला ते नाव अधिकाराने वापरायचे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. ही सवलत नुसत्या शेतकऱ्यालाच नाही, तो माल पॅक करणाऱ्याला आणि त्याचा व्यापार करणाऱ्यालाही आहे. अशी नोंद करून तो दाखला गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी ठेवला नाही, तर सांगलीचे नाव पिशवीवर छापणारा कुणीही मनुष्य आणि तुम्ही, यांच्यात दूरच्या गिऱ्हाइकाने फरक तरी कसा करावा?"

या मुद्द्यावर मामांनी वाद वाढवला नाही. भौगोलिक मानांकनाची बातमी वर्तमानपत्रात वाचून समाधान मानणारे आणि नोंदणीच्या अर्जापर्यंत न पोचणारे व्यापारी मी सांगलीतच नव्हे, तर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या आणि कोरेगावच्या घेवड्याच्या बाबतीतही पाहिले आहेत, आणि भाचीचे हे म्हणणे मला या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावेसे वाटते. परंतु मामांनी लगेच दुसरी बाजू मांडली, आणि ती या भागातल्या प्रत्येक जुन्या माणसाच्या अभिमानाची बाजू आहे.

मामा : "किर्लोस्करांचा नांगर काय किंवा ओगल्यांचा प्रभाकर कंदील काय, या वस्तू घरोघर पोचल्या त्या वस्तूच्या गुणावर. आधी वस्तू, मग बोभाटा. हल्लीचे लोक बोभाटा आधी करतात आणि वस्तू मागाहून शोधतात."

भाची : "किर्लोस्करांचे उदाहरण तुम्हीच काढलेत हे बरे झाले. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर १९०३ मध्ये तयार केला, आणि पहिले सहा नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगर वाईट होता म्हणून नव्हे. लोखंड जमिनीत गेले की जमिनीला विष होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती म्हणून. नांगराचा गुण नांगराला स्वतःला सांगता येत नव्हता, तो माणसाने सांगावा लागला. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना आला, किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. आज आम्ही ज्याला ब्लॉग म्हणतो ते काम शंभर वर्षांपूर्वी तुमच्याच जिल्ह्यात चालू होते, मामा."

येथे मला थोडे थांबणे अगत्याचे वाटते, कारण 'खबरे'ची हकीगत आपल्याकडे वाङ्मयाच्या इतिहासात सांगितली जाते आणि व्यापाराच्या इतिहासात विसरली जाते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी, कारखान्यात तयार होणाऱ्या अवजारांची माहिती ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचावी, एवढ्या मर्यादित उद्देशाने जे पत्रक काढले, त्यात त्यांनी पुढे अवजारांपेक्षा अवजारे वापरणाऱ्या माणसाचाच विचार अधिक केला. त्याने उद्योग कसा करावा, रूढींचे ओझे कसे उतरवावे, घरातल्या स्त्रीच्या शिक्षणाकडे आणि आरोग्याकडे कसे पाहावे, अशा विषयांना तिथे जागा मिळत गेली, आणि कारखान्याचे ते पत्रक 'किर्लोस्कर' या नावाचे महाराष्ट्रव्यापी मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडेही त्याच आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळून निघाली. ज्या खेड्यात मुंबई-पुण्याचा कुणी व्यापारी सहसा उतरला नसता, त्याचे नाव विदर्भ-मराठवाड्यातल्या शिक्षकाच्या घरीही परिचित झाले. नांगराचा, पंपाचा किंवा चरकाचा खप यामुळे नेमका किती वाढला याचा हिशेब कुणी मांडावा असे नाही; परंतु ज्या घरात दरमहा किर्लोस्करांचे मासिक येते त्या घराला किर्लोस्करांचे यंत्र परके वाटत नाही, हे उघड आहे. आजचे बहुतेक छोटे व्यावसायिक जे लिहितात त्यात 'आमच्याकडे अमुक मिळेल, त्वरित संपर्क साधा' यापलीकडे काही नसते, आणि वाचकाला उपयोगी पडेल असे एक वाक्यही न देता त्याच्याकडून लक्ष आणि पैसा या दोहोंची अपेक्षा केली जाते, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

मामांनी मात्र 'खबरे'च्या या हकीगतीतून भाचीला अपेक्षित नसलेला निष्कर्ष काढला.

मामा : "ठीक आहे, 'खबर' मी मान्य केली. पण ती कुणाच्या मालकीची होती? छापखाना किर्लोस्करांचा, कागद त्यांनी रोख पैसे मोजून घेतलेला, वर्गणीदारांची यादी त्यांच्या कपाटात. उद्या कुणी परदेशातला मनुष्य उठून म्हणाला, की आजपासून तुमचा अंक दहांतल्या एकाच वर्गणीदाराला पोचेल, बाकीच्यांना पोचवायचा तर मला दाम द्या, तर असे म्हणण्याचा त्याला अधिकार नव्हता. तुझे ते फेसबुक आणि इन्स्टाग्राम नेमके हेच म्हणते, असे तुझ्याच तोंडून मी ऐकले आहे."

भाची : "म्हणते, मामा. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केले की यापुढे आप्तेष्टांच्या मजकुराला अग्रक्रम मिळेल आणि धंद्यांच्या पानांचा मजकूर लोकांना कमी दिसेल. त्याआधीही तो कमी कमी होत चालला होता."

मामा : "आणि नुसते कमी दिसणे हे तरी बरे. २९ जून २०२० ला सरकारी हुकूम निघाला आणि ५९ ॲप्स एका रात्रीत बरखास्त झाली. त्यांत टिकटॉक होते. आपल्या भागातल्या किती पोरापोरींनी त्याच्यावर लाखांनी चाहते जमवले होते! हुकूम बरोबर की चूक हा प्रश्न वेगळा. पण ज्याने आपला सारा व्यवहार त्या एका दारावर ठेवला त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी सकाळी काय राहिले? त्याच्याही आधी ऑर्कुट असेच २०१४ मध्ये मिटले. आणि ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सहा तास बंद पडली, तेव्हा पेठेतले अर्धे सौदे अडले होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या वह्यांवर धूळ बसते, पण त्या अशा रात्रीतून नाहीशा होत नाहीत."

भाची : "म्हणून तर मी इन्स्टाग्रामला दुकान समजत नाही. ते पालीच्या जत्रेत काही दिवसांपुरत्या भाड्याने घेतलेल्या जागेवरचे पाल आहे. गर्दी तिथे असते म्हणून जायचे, ओळख करून घ्यायची, आणि ओळख झालेल्या माणसाला आपल्या घराचा पत्ता द्यायचा. माझे घर म्हणजे माझ्या स्वतःच्या नावाने नोंदवलेला पत्ता आणि त्यावरची माझी पाने. त्याचे वर्षाचे भाडे वाण्याच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी आहे. २०१४ पासून तर 'डॉट भारत' असा देवनागरी पत्ताही घेता येतो. तिथे मी जे लिहिते ते मला कुणी दाबून ठेवू शकत नाही. एक कंपनी बंद पडली तर तोच मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येतो. इन्स्टाग्रामवर टाकलेले चित्र दोन दिवसांत खाली वाहून जाते, पण लवंगी, संकेश्वरी आणि ब्याडगी या तीन मिरच्या मसाल्यात कशासाठी घालतात, हा मी लिहिलेला लेख लोक आजही शोधून काढतात, कारण मिरच्या घेण्याचा हंगाम दरवर्षी येतो आणि प्रश्न तोच असतो. शिवाय ज्यांनी स्वखुशीने आपला नंबर दिला त्या गिऱ्हाइकांची यादी माझ्याकडे वहीतही उतरवलेली आहे. ही वही तुमच्याकडूनच शिकले."

मामांचा आक्षेप आणि भाचीचे उत्तर ही दोन्ही मी मुद्दाम सविस्तर दिली आहेत, कारण या विषयावर व्याख्याने देणारी मंडळी नेमकी हीच गोष्ट सांगण्याचे टाळतात. चाहत्यांची संख्या वाढवण्याचे मार्ग ते सांगतात. ती संख्या कुणाच्या मालकीची, हे सांगत नाहीत. माझे स्वतःचे मत असे आहे, की ज्या व्यावसायिकाला आठवड्यात दोनच तास या कामासाठी काढता येतात त्याने त्यांतला दीड तास स्वतःच्या पानावर आणि गिऱ्हाइकांच्या यादीवर खर्च करावा, आणि उरलेला अर्धा तास जत्रेत जावे.

गूगलच्या नकाशावरील नोंदीविषयी दोघांमध्ये फारसा मतभेद झाला नाही. ती नोंद फुकट असते. तिच्यात दुकानाचा पत्ता, वेळ, साप्ताहिक सुट्टीचा वार, दूरध्वनी आणि छायाचित्रे भरता येतात. आणि विचारणाऱ्याच्या प्रश्नाशी मेळ, त्याच्यापासूनचे अंतर आणि दुकानाची एकंदर ख्याती, या तीन गोष्टींवर कुणाचे नाव वर दाखवायचे ते ठरते, असे ती कंपनी स्वतःच सांगते. यांपैकी अंतर आपल्या हातात नाही, हे मामांनी तत्काळ ओळखले. पेढीच्या नोंदीत सुट्टीचा वार चुकीचा पडलेला होता, तो दिवाणजींनी त्याच वेळी दुरुस्त करून घेतला.

खरा खटका उडाला तो गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांवरून.

मामा : "आमच्याकडे तक्रार आली तर मी त्या माणसाला आत बोलावतो, चहा सांगतो, माल परत घेतो, आणि ती गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जात नाही. तू मात्र तुझ्या मसाल्याला मीठ जास्त आहे असे कुणी लिहिले ते जगाला दिसू देतेस, आणि वर त्याला उत्तर लिहितेस. धंद्याची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायची असते का?"

भाची : "तक्रार मी मांडली नाही, त्यांनी मांडली. मी ती पुसून टाकू शकत नाही, आणि शक्य असते तरी पुसली नसती. मी त्यांना पुडीवरचा घाण्याचा क्रमांक विचारला, त्या घाण्यात मीठ खरोखर वाढले होते का ते पाहिले, आणि जे आढळले ते तिथेच लिहिले. ते उत्तर त्या एका बाईंसाठी नव्हते, मामा. त्यांच्यामागून जे लोक वाचायला येतात त्यांच्यासाठी होते. तुम्ही चहा पाजून जो चांगुलपणा दाखवता तो त्या एका गिऱ्हाइकालाच कळतो."

मामा : "आणि पैसे देऊन स्तुती लिहून घेणारे? पेठेतच मला एकाने विचारले, की पन्नास उत्तम शेरे अमुक रुपयांत मिळतात, घेता का?"

भाची : "ती चोरी आहे आणि मी ती कधी करणार नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० या क्रमांकाचे मानक काढले, ते याच लबाडीला आळा बसावा म्हणून. पण मानक असो वा नसो, पन्नास शेरे एकाच आठवड्यात, एकाच भाषेत, एकाही मालाचे नाव न घेता आलेले पाहिले की वाचणाऱ्याला संशय येतोच. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला माल पोचल्यावर एकदाच विनंती करते, की जे वाटले ते लिहा; बरे लिहा असे म्हणत नाही. आणि तुम्ही मघाशी विचारलेत ना, की पडद्यावर कोण काय जामीन ठेवतो? मी ठेवते. माझे नाव, माझा पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा माझा १४ आकडी क्रमांक."

जाहीर तक्रारीला जाहीर उत्तर द्यावे, या मताशी मी पूर्ण सहमत आहे, आणि या एका बाबतीत जुनी वहिवाट सोडली पाहिजे असे मला वाटते. तरीही मामांच्या बोलण्यातला एक धागा सोडून देण्याजोगा नव्हता, आणि तो त्यांनी साताऱ्याचाच दाखला देऊन पुढे ओढला.

मामा : "दिसणे हेच ध्येय झाले की काय होते हे तुमच्या कासच्या पठाराने दाखवले आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारसा म्हटले, मग ज्याच्या त्याच्या मोबाईलवर फुलांची चित्रे फिरू लागली, आणि फुले पाहायला आलेल्या माणसांच्या पायांखालीच फुले जाऊ लागली. शेवटी दिवसाला ३००० माणसांचा आकडा ठरवावा लागला, प्रवेशपास आला, आगाऊ नोंदणी आली. पठाराला निदान वनखाते आहे आणि आसपासच्या गावांची समिती आहे. तुझ्या मसाल्याला कोण आहे? तुझे एखादे चित्र उद्या देशभर फिरले आणि एका दिवसात हजार मागण्या आल्या, तर डंकावर कांडणाऱ्या बाया कुठून आणशील? मग दुसऱ्याचा तयार मसाला घेऊन आपल्या पिशवीत भरशील. नाव बुडते ते त्याच दिवशी."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितले की मिरच्या ती फाल्गुन-चैत्रात वर्षभराच्या एकदमच घेते, त्यामुळे मसाला किती होणार हे तेव्हाच ठरते, आणि तेवढा संपला की 'पुढील मसाला चैत्रात' असे आपल्या पानावर लिहून ती मागण्या बंद करते. हे ऐकून मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते त्यापूर्वी दिसलेले नव्हते.

मामा : "हे मात्र व्यापाऱ्याच्या पोरीसारखे बोललीस. पण एवढे सगळे लिहिणार कोण? मला रोजकीर्द आणि खतावणी लिहून उसंत मिळत नाही. आणि माझे बोलणे तुझ्या पुस्तकी भाषेत बसत नाही."

भाची : "मग बोला, मी ऐकते आणि दुसरे कुणी लिहील. म्हसवडला चेतना सिन्हांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली, त्याआधी रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला होता, कारण सभासद बाया निरक्षर होत्या. त्या बाया पुन्हा गेल्या, आणि आम्हाला लिहिता येत नाही, पण कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो, असे म्हणाल्या. त्याच संस्थेने २००८ मध्ये माणदेशी तरंग हा रेडिओ काढला, कारण ज्ञान अक्षरांतूनच जावे असे नाही. तुम्ही दोन मिनिटे बोललात आणि दिवाणजींनी ते मोबाईलवर टिपले, तरी काम झाले. आठवड्याला नको, महिन्याला एकदा पुरे. पण जे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही असे काही सांगा."

मामा : "मला काय ठाऊक असणार? बेदाणा."

भाची : "तोच सांगा."

आणि मग जे झाले ते लिहून घेण्यासाठी माझी लेखणी पुरेशी वेगाने चालली नाही. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात का बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सैल होऊन आतले पाणी लवकर कसे सुटते. शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर सावलीत पंधरवडाभर वाळवलेला माल हिरवा का राहतो आणि उघड्या उन्हात पडलेला तांबूस का होतो. गंधकाची धुरी दिलेला पिवळा बेदाणा डोळ्यांना गोड दिसतो, पण जाणते गिऱ्हाईक तो नाकाशी नेऊन का पाहते. तासगावच्या सौद्यात खरेदीदार मूठमूठ माल उचलून पाहतात तेव्हा जी उधळण होते तिचे नुकसान शेतकऱ्याच्या अंगावर का पडते आणि त्यावरून तंटे का होतात. माल उतरल्यापासून पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत अडत, हमाली, तोलाई आणि तूट कशी कापली जाते. आणि वाळत घातलेल्या द्राक्षांवर अवकाळी पाऊस पडला, की चार दिवसांत वर्षाची मेहनत काळी कशी पडते, हे सर्व त्यांनी एकाही कागदाकडे न पाहता सांगितले. हे ज्ञान मुंबईतल्या एखाद्या जाहिरात कंपनीला लाखो रुपये मोजूनही तयार करता येणार नाही. ते गणपती पेठेत, तासगावात, मिरजेच्या तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या गल्लीत आणि साताऱ्यातल्या पेढेवाल्यांच्या भट्टीसमोर पडून आहे, आणि ज्यांच्याजवळ ते आहे त्यांनाच त्याची किंमत ठाऊक नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. हत्यारे बनवणाऱ्या शिकलगार घराण्यांतून ही कारागिरी कशी आली, भोपळा कसा निवडतात, जवारी कशी काढतात, हे त्या कारागिरांनी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या पानावर सांगावे, असे मला फार दिवसांपासून वाटते, आणि कुणी ते करीत असेल तर त्याच्या पायरीवर जाऊन मी लेखनिकाचे काम करीन.

शेवटी वाद राहिला तो भावाचा. भाचीचे म्हणणे असे, की किलोचा भाव पानावर लिहिलाच पाहिजे, कारण भावासाठी फोन करायला लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवणे होय. मामांचे म्हणणे असे, की सौद्यागणिक भाव हलतो, आज लिहिलेला उद्या खोटा ठरतो, आणि जुना भाव दाखवून गिऱ्हाईक भांडायला आले तर त्याला काय सांगायचे?

भाची : "भावाबरोबर तारीख लिहायची, आणि हा भाव अमुक दिवसापर्यंतचा, हेही लिहायचे."

मामा : "आणि पावसात सापडलेला बेदाणा? यंदा माझ्याकडे तसा माल आहे. तो लपवून ठेवायचा की लिहायचा?"

भाची : "तुम्ही पेढीवर आलेल्या माणसाला काय सांगता?"

मामा : "सांगतो की हा पावसाचा आहे, दिसायला काळा, खायला गोड, शिऱ्यात आणि मसालेभातात चालेल, वानवळा म्हणून द्यायला नेऊ नका, आणि भाव निम्म्याने."

भाची : "तेच लिहायचे, याच शब्दांत."

भाव लिहिण्यास मामांनी त्या दिवशी संमती दिली नाही. दिवाळीचा हंगाम जवळ आला की पाहू, एवढेच म्हणाले. पण दिवाणजींना हाक मारून त्यांनी हिरव्या आणि पावसाच्या अशा दोन्ही बेदाण्यांचे नमुने वर मागवले, आणि छायाचित्र काढायचे तर दोहोंचे एकाच उजेडात, एकाच ताटात काढावे, म्हणजे रंगात कुणी फसवले असे व्हायला नको, अशी अट घातली.